बांगड्यांचा रकाना

उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले.

रंकाळा मागे टाकून गगनबावड्याच्या रस्त्याला लागलं की थोडं पुढे, पहिल्या मजल्यावर आमचं घर आहे. गळीत हंगाम सुरू झाल्याचं आम्हाला वर्तमानपत्रातून कळावं लागत नाही. दिवाळी उलटून गेल्यावर एखाद्या सकाळी कपातल्या चहावर बारीक लाटा उठतात. मग दोन ट्रेलर ओढत ट्रॅक्टर खालून जातो. त्याच्यावर बांधलेले स्पीकर सगळ्या गल्लीला गाणं ऐकवत जातात, आणि रस्त्यावर वाढ्याचे, म्हणजे उसाच्या शेंड्याचे, हिरवे तुकडे पडून राहतात. दुपारपर्यंत गाई ते वेचून खातात. वारा फिरला की साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास घरात येतो आणि वाळत घातलेल्या कपड्यांना बसतो.

या हंगामासाठी माझ्या डायरीत एक ठरलेलं पान असतं. पुढच्या खोलीचे पडदे उतरवणे. खिडकीच्या फटीत कापड कोंबणे. गुऱ्हाळावर गुळाचे दोन लहान रवे, म्हणजे ढेपा, सांगून ठेवणे. हिवाळी परीक्षांच्या तारखा. मी एका महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात बावीस वर्षं काम करतोय. तिथं यादी केल्याशिवाय दिवस पुढे सरकत नाही, आणि ती सवय घरीही माझ्याबरोबर आली.

यंदाचं पान लिहिण्यासाठी गेल्या वर्षीचं उघडलं. पडदे, गूळ, तारखा, सगळ्यांवर बरोबरच्या खुणा होत्या. त्याखाली घडी पडलेला एक कागद डकवलेला होता, त्यावर एक तक्ता. डावीकडे एक ते सात आकडे. वर आडवे मथळे: बेस, शब्द, तंबोरा, वरचा गंधार, बांगड्या. शेवटच्या उभ्या रकान्यात सात घरं, आणि सातही घरांत माझ्याच ठसठशीत अक्षरात एकच शब्द. नाहीत.

डायरी मिटली. पडदे उतरवले. पण ते पान डोळ्यांसमोरून जाईना.

*

निमा, म्हणजे माझी बायको, गारगोटीची. लग्नात तिच्याबरोबर दोन ट्रंका आणि एक तंबोरा आला. परतीच्या जीपमध्ये तंबोऱ्याला खिडकीजवळची जागा मिळाली आणि माझ्या मामाला मिळाली नाही. मामा एसटीनं आला आणि ते पुढे मरेपर्यंत बोलून दाखवत राहिला.

निमा मोठी गायिका वगैरे नाही. मुरगूडला गणपतीत, वारणानगरला एखाद्या कॉलनीच्या कार्यक्रमात, माहेरी नवरात्रात तिला बोलावणं असायचं. घरी चार मुली शिकायला यायच्या. मी गात नाही. लग्नानंतर पहिल्यांदा तिच्या गुरू बाईंकडे गेलो होतो. एका मुलीचं गाणं चालू होतं. मी मध्येच मान हलवली असावी. बाई नंतर निमाला म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला गळा नाही, पण कान आहे." हे वाक्य मी एखाद्या प्रमाणपत्रासारखं जपलं. निमानंही ते मनावर घेतलं.

त्यातून आमची एक रीत पडली. कार्यक्रम संपला, नारळ मिळाला, निरोप झाले, की परतीच्या वाटेवर ती विचारायची, "हं, सांगा." मग मी सांगायचो. मुद्द्यांनी, आडपडदा न ठेवता. सुरुवात घाईची झाली. मधली तान उगीच घेतलीस. शेवट छान. लोकांच्या टाळ्या ती तिथंच ठेवून यायची. घरी यायचं ते माझं मत. पंचवीसेक वर्षं हे असं चाललं आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मला तर ते आमच्या संसारातलं सगळ्यात सरळ काम वाटायचं.

तीन हिवाळ्यांपूर्वी गारगोटीहून परतताना आम्ही मुदाळ तिट्ट्यावर, तीन रस्ते मिळतात तिथं, चहाला थांबलो. गाडीच्या काचेवर धूळ होती, समोरून उसाच्या बैलगाड्या चालल्या होत्या. निमानं कप दोन्ही हातांत धरला होता.

"हं, सांगा."

"वरचा गंधार बोथट लागला."

"उतरला होता?"

"नाही. जागेवर होता. पण त्याला धार नव्हती. आणि शब्द पोचत नाहीत. तोंडातल्या तोंडात गातेस."

"मला तर बरा वाटला की."

"तू आतून ऐकतेस. मी समोरून ऐकतो."

हे उत्तर मला तेव्हा फार आवडलं होतं. निमानं उरलेला चहा टाकून दिला आणि गाडीत जाऊन बसली. कोल्हापूर येईपर्यंत ती बोटांनी मांडीवर काहीतरी मोजत होती.

पुढच्या कार्यक्रमाला तेच झालं. त्याच्या पुढच्यालाही. मी तेच सांगत गेलो, कारण तेच ऐकू येत होतं. तिनं ज्येष्ठमध चघळला, ताक सोडलं, पहाटे मीठपाण्याच्या गुळण्या केल्या. गळ्याच्या डॉक्टरांनी आत नळी घालून पाहिलं आणि म्हणाले, "एकदम स्वच्छ आहे. कोण म्हणतं बिघडलंय?" निमा माझ्याकडे बघत राहिली. मी डॉक्टरांना म्हणालो, "तुम्ही हिचं गाणं ऐकलेलं नाही."

मला तंबोराही मंद वाटायला लागला होता. जवारीचं ते तारेवर मधमाशी बसल्यासारखं गुणगुणणं उरलं नव्हतं. मी तंबोरा मागच्या सीटवर आडवा घालून मिरजेला नेला. तिथल्या म्हाताऱ्या कारागिरानं चार तारा छेडल्या, कान भोपळ्याला लावला, पुन्हा छेडल्या.

"जवारी झकास हाय की साहेब. कशाला हात लावू?"

"नाही, गेलीय ती. करा तुम्ही."

"न्हाय म्हंजे, तुमी म्हणताय म्हणून करतो." त्यानं कानस हातात घेतली. जाताना मात्र म्हणाला, "एवढी चांगली जवारी आजपतूर कुणी मोडायला सांगितली न्हवती."

हे सगळं मी ऐकलं होतं. डॉक्टरांचं, कारागिराचं आणि मुदाळ तिट्ट्यावर निमाचंही. पण एकाचंही वाक्य डायरीत उतरवलं नाही.

*

मग एका सकाळी तंबोऱ्यावर गवसणी चढली ती उतरली नाही. चारही मुलींना निमानं दुसऱ्या बाईंकडे पाठवलं. "माझं ऐकून शिकणार काय त्या?" असं म्हणाली आणि गॅसची शेगडी घासायला घेतली. त्या दिवशी तिनं शेगडी इतकी घासली की बटणांवरचे आकडे पुसले गेले. अजून आम्ही अंदाजानंच आच कमी-जास्त करतो.

घर शांत झालं. त्या शांततेतल्या काही गोष्टी मी फायद्याच्या बाजूला लिहिल्या होत्या. उदाहरणार्थ, डासांचं गुणगुणणं बंद झालं होतं. मी त्याचं श्रेय खिडक्यांना बसवलेल्या जाळ्यांना दिलं होतं. निमा मात्र सकाळी उठून हातापायांवरचे लाल ठिपके दाखवायची. "जाळ्या बसवून डास आत कोंडलेत तुम्ही," म्हणायची.

मी हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतला नाही. गेल्या वर्षी हंगाम सुरू झाला त्याच आठवड्यात डायरीत लिहिलं: निमाच्या आवाजाचं नेमकं काय झालं ते शोधणे. त्याखाली कामं. तिच्या जुन्या कॅसेटी फोनवर उतरवून घेणे. वर्षाप्रमाणे लावणे. प्रत्येक वर्षाचा वरचा गंधार ऐकणे. धार कोणत्या वर्षी गेली ते ठरवणे. मग त्या वर्षी काय घडलं ते आठवणे. म्हणजे उपाय सापडेल. माझ्या मते हे प्रेमाचंच काम होतं. आजही तसंच वाटतं, आणि त्यानं काही बदलत नाही.

फोनवर ऐकून काहीच नीट कळेना. आमच्या विभागातले एक प्राध्यापक संगीताचे शौकीन. ते म्हणाले, "असं बारीक ऐकायचं तर कानात घट्ट बसणारे चांगले इअरफोन घ्या. साधे नकोत. चांगल्यात सुद्धा दहा ऐकून मग एक घ्या. प्रत्येकाचा आवाज वेगळा असतो."

दहा ऐकून एक घेणे हे माझ्या आवडीचं काम होतं.

राजारामपुरीत चौगुल्यांचं दुकान आहे. चौगुले साठीचे, दणकट, गळ्यात चष्मा लटकवलेला. पूर्वी ते लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचे, त्यामुळे अजून समोरचा माणूस मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असल्यासारखे बोलतात. मी त्यांना माझी पद्धत सांगितली. इअरफोनांना एक ते सात नंबर द्यायचे. कंपनी मला कळता कामा नये, किंमत तर नाहीच. उत्तरपत्रिकेवरचं नाव आम्ही झाकतो, तसं. मी डोळे मिटून बसणार, त्यांनी हातात द्यायचा. गाणं एकच, फोन एकच, आवाजाची पातळी एकच, खुर्ची एकच. दर शनिवारी दोनच, कारण कान थकतात.

"पावणं, इअरफोन घेताय का पोरगी बघताय?" चौगुले म्हणाले. पण बसले माझ्यासमोर, आणि फळीखालून पहिला जोड काढला.

गाणं मी वारणानगरचं निवडलं होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षातलं, एका कॉलनीच्या पटांगणातलं. कॅसेट मीच भरली होती. यमन. ती मला घड्याळाच्या टिकटिकीसारखी पाठ आहे. सुरुवातीला जनरेटरची घरघर. मग कुणीतरी खोकतं. मग तंबोरा, आणि त्यावर निमाचा तेवीस वर्षांचा आवाज, जरासा घाबरलेला, पण सरळ. पाचव्या मिनिटाला ती वरच्या गंधारावर जाते. जाताना तिचा उजवा हात नकळत वर उचलला जायचा, आणि मनगटातल्या हिरव्या काचेच्या बांगड्या एकमेकींवर आपटायच्या. दोनदा. छन्न, आणि लगेच थोडं हलकं छन्न. त्या बांगड्या कॅसेटीत आल्या म्हणून निमा तेव्हा रडवेली झाली होती. मला मात्र ते गाण्यापेक्षा आवडायचं. म्हणून ती माझी शेवटची कसोटी होती. ज्या इअरफोनात बांगड्या स्वच्छ वाजतील तो घ्यायचा.

पहिल्या जोडात बेस भरपूर. जनरेटर छातीत आल्यासारखा. बांगड्या नाहीत. दुसरा कोरडा, शब्द जरा पुढे. बांगड्या नाहीत. तिसऱ्याचं रबर कानाला टोचत होतं, चौगुल्यांनी लहान मापाचं बसवून दिलं, आवाज जवळ आला. बांगड्या नाहीत. चौथा मला सगळ्यांत आवडला. त्यात निमा माझ्याशेजारी बसून गातेय असं वाटलं. मी डोळे मिटूनच तिला जागा करून द्यायला खुर्चीत सरकलो. तरी गंधारावर जाताना जणू कुणी तिच्या तोंडासमोर पडदा धरला. बांगड्या नाहीत.

महिना असा गेला. बाहेर थंडी पडली. घरी जाताना रंकाळ्यावर धुकं असायचं, मक्याची कणसं भाजल्याचा वास यायचा. मी तक्त्यात भर घालून घरी जायचो. निमा विचारायची, "मिळालं का?" मी म्हणायचो, "सगळ्यांत तोच दोष आहे." ती पानं वाढायला घ्यायची. तिला माहीत होतं, मी तिचा आवाज शोधतोय. तिनं त्याला हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं.

चौथ्या शनिवारपर्यंत चौगुल्यांचा धीर टिकला. सातवा जोड मी कानातून काढला, डोळे उघडले आणि म्हणालो, "यातही नाहीत. ट्रेबलच नाही. सगळे एकाच कारखान्यातले काढता काय हो?"

"आणा हिकडं."

त्यांनी रबर शर्टाला पुसलं, स्वतःच्या कानात घातलं आणि गाणं पाचव्या मिनिटावर नेलं. डोळे मिटले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. मग त्यांनी दोन बोटं वर केली.

"वाजल्या की हो! दोनदा. छन छन."

"चौगुले, विकायचं म्हणून काहीही सांगू नका."

"आता ह्यात खोटं काय सांगायचं? बांगड्या हायत काचंच्या. धा-बारा तरी असतील." त्यांनी चौथा जोड उचलला, तो कानात घातला, पुन्हा तेच मिनिट. "ह्यात बी हायत. ह्यात तर लई झ्याक हायत." मग त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला, इतका की मला पुढे वाकावं लागलं. "पावणं, राग मानू नका. एकदा कान दाखवून या."

मी राग मानला. तक्त्याचा कागद घडी घालून उठलो आणि त्यांचा निरोपही न घेता निघालो.

*

परीक्षा विभागात एक नियम आहे. मी तो नव्या माणसांना दर वर्षी शिकवतो. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तपासून येतो, गुण तक्त्यात चढतात. एखाद्या परीक्षकाच्या सगळ्या गठ्ठ्यात एकाच प्रश्नाला सगळ्यांना कमी गुण पडलेले दिसले, तर मुलांना दोष द्यायचा नाही. सगळी मुलं एकाच प्रश्नाला एकाच वेळी नापास होत नाहीत. अशा वेळी परीक्षकाला बोलवायचं.

घरी आलो, कागद जेवणाच्या टेबलावर उलगडला. नाहीत, नाहीत, नाहीत, नाहीत, नाहीत, नाहीत, नाहीत. मी तो रकाना पेन्सिलीनं वरून खाली मोजला. मग पुन्हा एकदा खालून वर. असा तक्ता दुसऱ्या कुणी माझ्या टेबलावर आणला असता, तर मी मिनिटभरात फोन उचलला असता.

निमा स्वयंपाकघरात होती. कुकर लावलेला, शिट्टी यायची होती. मी फोन काढला, इअरफोन न लावता, फोनच्या त्या पत्र्यासारख्या स्पीकरवर यमन लावला आणि टेबलावर ठेवला. जनरेटर. खोकला. तंबोरा. ती आत भाजी चिरत होती. पाचवं मिनिट जवळ आलं तसा मी श्वास धरून बसलो. गंधार लागला. बोथट.

"मेल्या किती वाजतायत बघा," निमा आतून म्हणाली. "मुरगूडच्या बाजारातल्या. तुमच्या आईनं हौसेनं भरल्या होत्या दोन्ही हातांत. काढून गा म्हटलं असतं तर चाललं असतं की."

ती आत होती, मध्ये भिंत होती, कुकर फुसफुसत होता, फोन साधा होता. फोनच्या शेजारी मी बसलो होतो.

मी फोन बंद केला. कागदाची घडी घातली.

*

कान तपासायची खोली म्हणजे एक पेटीच असते. चारही बाजूंनी फोमची भिंत, दार बंद केलं की स्वतःचा श्वास ऐकू येतो. बाहेर काचेपलीकडे एक मुलगी बसते. आवाज आला की बटण दाबायचं. सुरुवातीला मी पटापट दाबलं. मग आवाज येणं बंद झालं. मला वाटलं तपासणी संपली. काचेपलीकडे ती अजून कळ फिरवत होती, मधूनमधून माझ्या हाताकडे बघत होती, आणि माझा हात मांडीवर पडून होता.

तिनं आलेख दाखवला. दोन रेषा. अर्ध्यापर्यंत बऱ्यापैकी सपाट, मग एकदम खाली. "वयामुळे होतं, काका. वरचे बारीक आवाज आधी जातात. शब्दांची टोकं, घंट्या, पाखरं. माणसाला कळत नाही. त्याला वाटतं समोरचेच पुटपुटतात."

"किती वर्षं झाली असतील?"

"सांगता येत नाही. हळूहळू होतं. चार-पाच तरी."

मी डायरीत लिहिलं: निमाला सांगणे. त्या दिवशी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीच्या यादीत ते पुढे घेतलं. तिसऱ्या दिवशीही. अकरा पानांवर ते वाक्य आहे. त्या अकरा दिवसांत मी गॅसचा नंबर लावला, परीक्षांची बैठकव्यवस्था केली, गाडीचं ऑइल बदललं. ती सगळी कामं खोडली गेली आणि हे एकच रोज नव्यानं लिहिलं गेलं.

बाराव्या दिवशी रविवार होता. निमा टेबलावर मेथी निवडत होती. मी आलेख तिच्यासमोर ठेवला.

"हा डोंगर कसला?"

"माझे कान."

तिनं कागद जवळ ओढला. ओल्या बोटांचे ठसे त्यावर उमटले. मी सगळं सांगितलं, सात जोड, चौगुले, पेटीसारखी खोली. मुद्द्यांनीच सांगितलं, दुसरं येत नाही मला. ती ऐकत होती. काड्या एकीकडे, पानं एकीकडे.

"म्हणजे माझा गंधार?"

"बरोबर असणार बहुतेक."

"बहुतेक?"

"मला तो पूर्ण ऐकूच आला नाही. तेव्हा कसं सांगू?"

ती मेथी निवडत राहिली. पानं संपली तरी रिकाम्या काड्या चाचपत होती.

"सव्वा वर्ष झालं, अहो, गवसणी चढवून."

"हो."

"मला माझं ऐकू येत होतं की. रोज येत होतं. गळ्याचा डॉक्टर सांगत होता, मुली सांगत होत्या. तरी मी तुमचं धरलं." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "तुमच्यावर राग न्हाय असं मी म्हणणार न्हाय. हाय. पण त्यापेक्षा माझ्यावर जास्त हाय."

"मुलींना परत बोलावू या का?"

"आणि सांगू काय? नवऱ्याला ऐकू येत नव्हतं म्हणून मी गायचं सोडलं?" ती उठली, काड्या कचऱ्यात टाकल्या. "उठा. दूध आणायचंय."

मी पिशवी घेऊन जिना उतरलो. खालून ट्रॅक्टर चालला होता, त्याच्या स्पीकरचा दणका जिन्याच्या कठड्यात जाणवत होता. तो मला नेहमीच ऐकू यायचा. खालचे, जाडे आवाज शाबूत होते. त्यांच्याच भरवशावर मी इतकी वर्षं स्वतःला कानाचा पक्का समजत होतो.

*

चौगुल्यांकडे जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा मागवला. "कानाचं काय घेऊन बसलाय, माझं दोन्ही गुडघं गेल्यात," म्हणाले. इअरफोन घेतले नाहीत. श्रवणयंत्र घेतलं, दोन्ही कानांचं.

यंत्रानं जे परत येतं ते गेलेलंच असतं असं नाही. वर्तमानपत्र उलगडलं की पत्रा फाटल्यासारखं वाटतं. ताटावर वाटी ठेवली की डोकं दुखतं. पहिल्या रात्री डास आला, आणि मी उठून बसलो. निमा म्हणाली, "आला का?" एवढंच. वारणानगरचं गाणं मी यंत्र लावून ऐकलं. बांगड्या वाजल्या, दोनदा. पण त्या काचेच्या वाटल्या नाहीत. एखाद्या डब्यातली नाणी हलवल्यासारख्या वाटल्या. मला आठवतो तो आवाज खरा होता का, हेही आता कुणाला विचारणार? निमाला विचारायचं धाडस होत नाही.

वर्षभरात तिनं माझ्यासमोर एकदाही गवसणी काढली नाही. मी विषय काढला नाही. डायरीतही काही लिहिलं नाही. आमची बाकीची बोलणी चालू असतात, भाजी, लाइटबिल, तिच्या भावाची शस्त्रक्रिया. कुठल्याही कार्यक्रमाचं बोलावणं आलं की ती फोनवर हसून नाही म्हणते. पूर्वी परतीच्या वाटेवर विचारायची ते "हं, सांगा" मी मनातल्या मनात किती वेळा ऐकलं असेल.

आणि यंदा, पडदे उतरवले त्याच आठवड्यात, खालच्या शिंदे काकू जिन्यात भेटल्या.

"वहिनी परत गाया लागल्या व्हय? बरं वाटतंय बघा सकाळचं."

"सकाळी?"

"अकराला बसत्यात की. तुमी गेलासा की." मग माझं तोंड बघून त्या गडबडल्या. "का, तुमाला म्हाईत न्हाय?"

मी हसून काहीतरी म्हणालो. दिवसभर बैठकव्यवस्थेचे तक्ते चुकत राहिले. दुसऱ्या दिवशी दोन तासांची रजा टाकली. कारणाच्या जागी लिहिलं, घरगुती.

गाडी कोपऱ्यावर लावली. जिना चढताना चपला हातात घेतल्या. दारापासून चार पायऱ्या खाली बसलो. दाराआड तंबोरा लागलेला होता. जवारी ऐकू येत होती, म्हणजे यंत्रातून येत होती, कागद कापल्यासारखी. त्यावर निमा. षड्ज, बराच वेळ षड्जच. मग हळूच पुढे. श्वास मध्येच तुटत होता, ती थांबायची, पुन्हा घ्यायची. आवाज खरखरीत झाला होता, की यंत्राला तसा वाटत होता? दोन वर्षं न गायल्यानं गेला होता, की काहीच गेलं नव्हतं? पूर्वीचा मी असतो तर एव्हाना तीन मुद्दे तयार झाले असते. हात सवयीनं शर्टाच्या खिशाकडे गेलाही होता.

ती वरच्या गंधाराकडे निघाली तेवढ्यात खालून ट्रॅक्टर आला. दोन ट्रेलर, स्पीकर, दणका, त्यावर साखळ्यांचा खणखणाट. साखळ्या यंदा पहिल्यांदाच ऐकू येतात. यंत्र कानात किंचाळलं, मी कानांवर हात घेतले. ट्रॅक्टर गेला तेव्हा दाराआड शांतता होती.

दार उघडलं. निमाच्या खांद्यावर अजून तंबोऱ्याचा दाब पडलेला दिसत होता, पदर तिथं चुरगळला होता.

"जिन्यात काय बसलाय पावण्यासारखं? गाडी दिसली मला खिडकीतून."

"जातो परत. काम आहे."

"आत या." मग दाराची चौकट धरून थोडी थांबली. "पण एक. कसं झालं ते मी विचारणार न्हाय. आणि तुम्ही सांगायचं न्हाय. कधीच."

मी खिशातलं पेन काढलं, दाराबाहेरच्या चपलांच्या फळीवर ठेवलं, आणि आत गेलो.